वांग आणि जन्मखुणा : ट्यूब उघडण्याआधी या चुका टाळा

"वांगावर कुठली ट्यूब लावू?" असं विचारणारीने बहुतेक वेळा ट्यूब आधीच सुरू केलेली असते. शेजारणीला गुण आला ना!

मीही तेच केलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग उठले. ओळखीच्या बाईंनी ट्यूब दिली, पंधरा दिवसांत चेहरा उजळला, मी खूश. चार महिन्यांनी ती संपली आणि तिसऱ्या दिवशी गाल लालबुंद. ऊन सोडाच, कोमट पाणीही झोंबायचं. हनुवटीवर पुरळ, कानांपाशी लव. त्वचारोगतज्ज्ञांनी मलाच ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड. असं मिश्रण डॉक्टरही देतात, पण काही आठवड्यांपुरतं, नजरेखाली. मी ते कोल्ड क्रीमसारखं चोपडत होते. चेहरा निवायला आठ महिने गेले, वांग होते तिथेच. आता शेवटी 'सोन' असलेलं नाव दिसलं की ट्यूब खाली ठेवते.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे नवे डाग पडतात.

सनस्क्रीन टिकलीएवढं लावून 'उपयोग नाही' म्हणू नका. दोन बोटांवर दोन रेघा, दर दोन-तीन तासांनी. मी रंगीत घेते, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग त्यानेही गडद होतात. बाकी औषधांना 8 ते 12 आठवडे द्या. रोज आरशात डाग मोजणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. महिन्यातून एक फोटो, त्याच खिडकीशी, बस.

जन्मखुणेसाठी 'लेझर करून टाकू' म्हणणाऱ्यांनी आधी विचारावं, कुठलं? लालसर पोर्ट-वाइन डागाला पल्स्ड डाय लेझर लागतं, डोळ्याभोवतीच्या निळसर-करड्या ओटा नीवसला क्यू-स्विच्ड. दोन्हींत बैठका अनेक. कॉफीच्या रंगाचे डाग लेझरनंतर पुष्कळदा परततात. लहान मुलाच्या अंगावर 5 मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील, तर लेझर राहू द्या, आधी तपासणी. बाळाच्या कमरेवरचे निळसर डाग बहुधा आपोआप जातात, तिथे काही लावू नका.

पण जन्मानंतर काही आठवड्यांत भराभर वाढणारा लाल, फुगीर डाग डोळ्याजवळ असेल, तर 'जाईल हळूहळू' म्हणत थांबू नका. त्यावर प्रोप्रानोलॉल हे तोंडाने द्यायचं औषध आहे, आणि ते वाढीच्या काळातच सुरू झालेलं बरं.