वडिलांच्या आठवणींची पुस्तिका: वर्षश्राद्धापर्यंत करावयाचे काम

वडील गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण त्यांची एखादी तरी आठवण सांगतो. वर्षश्राद्धाला यांतले बरेच लोक येऊ शकत नाहीत, आणि आलेल्यांच्या मनातूनही तोवर तपशील पुसट झालेले असतात. म्हणून वर्षभराने त्यांच्या आयुष्याची छोटी पुस्तिका काढावी असे मनात असेल, तर येणाऱ्यांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि सांगितलेल्या आठवणीचे एकेक वाक्य याच दिवसांत एका वहीत उतरवून घ्यावे. घरच्यांना हे जमत नाही, त्यामुळे ते एखाद्या भाच्याकडे सोपवावे. वडिलांचा मोबाइलही लगेच कोणाला वापरायला देऊ नये, कारण त्यातील व्हॉट्सॲपवरचे त्यांच्या आवाजातील निरोप आधी दोन ठिकाणी साठवायला हवेत; क्रमांक बराच काळ वापराविना राहिला की कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देते.

खरे काम प्रश्न विचारण्याचे आहे. ‘ते कसे होते?’ असे विचारल्यास ‘फार प्रेमळ, कष्टाळू’ असेच उत्तर येते आणि ते कोणाच्याही वडिलांना लागू पडते. माझे वडील एसटीत वाहक होते. पहाटेच्या गाडीवर जाताना ते काय खाऊन जात, असे मी आईला विचारले, तेव्हा तिने सांगितले की रात्रीची भाकरी दुधात कुस्करून ते अंधारातच खात, कारण दिवा लावला तर आम्हा मुलांची झोप मोडेल असे त्यांना वाटे. त्यांच्याच घरात वाढूनही मला हे ठाऊक नव्हते. तेव्हा खाणे, कपडे, सुट्टीचा दिवस, पगाराचा दिवस, आजारपणातील जागरणे यांविषयी विचारावे, आणि उत्तर सांगणाऱ्याच्याच शब्दांत, त्याच्या बोलीसह लिहावे.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनांचा आधार घ्यावा. पुण्याच्या माणसाला ‘पानशेतच्या पुराआधी की नंतर?’ असे विचारले की १२ जुलै १९६१ ही खूण मिळते. कराड-पाटणकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, गिरणगावात जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि ग्रामीण महाराष्ट्रात जवळपास सर्वत्र १९७२ चा दुष्काळ असाच कामी येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून असेल, तर ती गुरुजींनी नाव दाखल करताना घातलेली असण्याची शक्यता मोठी. खरी तिथी घरातील वडीलधाऱ्यांकडून किंवा पत्रिकेवरून पडताळावी. अस्थिविसर्जनासाठी नाशिकला रामकुंडावर गेलात, तर आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडील वही अवश्य पाहावी. पूर्वी येऊन गेलेल्या पूर्वजांची नावे तीत सापडू शकतात, क्वचित त्यांच्या हस्ताक्षरातही.

चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रे ओढून काढू नयेत, ती फाटतात. खिडकीजवळच्या उजेडात पानाचाच फोटो घ्यावा. सुट्या छायाचित्रांमागे नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने नव्हे.

नातवंडांशी त्यांच्या आईवडिलांसमोर बोलू नये, कारण मग ती मोठ्यांना आवडेल तेच सांगतात. वडील आणि आजोबा ही एकाच माणसाची दोन रूपे असतात, आणि पुस्तिकेत ती दोन्ही यावीत असे मला फार वाटते. ज्यांनी मला पाढे चुकल्यावर जेवायला बसू दिले नाही, तेच माझ्या मुलीला चुकीचा पाढा मुद्दाम पुन्हा म्हणायला लावून हसत असत. हे दोन्ही प्रसंग मी समोरासमोरच्या पृष्ठांवर ठेवले आणि त्यांखाली स्वतःचे मत लिहिले नाही. कठोरपणा गाळला, तर उरलेली माया पोकळ वाटू लागते. मात्र भाऊबंदकीचे वाद आणि हयात माणसाला दुखावणारा मजकूर टाळावा. छपाईपूर्वी संपूर्ण मजकूर आईला वाचून दाखवावा आणि ती म्हणेल ते वाक्य तिच्याशी वाद न घालता काढावे.

मध्यभागी पिन मारलेल्या पुस्तिकेची पृष्ठे चारच्या पटीत लागतात. घरगुती कामाला १६ किंवा २४ पुरतात. वयस्कर वाचकांसाठी अक्षर १४ पॉइंटांपेक्षा लहान नसावे. शेवटची दोन पृष्ठे कोरी ठेवावीत आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी एक प्रत पेनासह दाराजवळ ठेवावी, म्हणजे येणाऱ्यांना आपली राहिलेली आठवण तेथेच लिहिता येईल. जे येऊ शकले नाहीत, त्यांचे पत्ते तेरा दिवसांतल्या वहीतून शोधून त्यांना प्रती टपालाने पाठवाव्यात.