हलता माणूस, नाचता घोडा : व्हिडिओच्या बॅकग्राऊंडपासून ऑटोमॅटिक वेगळं कसं करायचं

अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणारी पोरं आता धुळे-जळगावलाच नाही तर साक्री, शिरपूर, पारोळा असं गावोगावी झालीयेत, आणि जवळपास सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, नाचणारा पुढे आणि गाण्याचं नाव त्याच्या मागे मोठ्या अक्षरात. नाहीतर लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव क्लिअर आणि मागची मंडपातली गर्दी ब्लर. दोन्हीत काम तेच, हलणारा माणूस मागच्या सीनमधून कापून काढायचा, म्हणजे रोटो. मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं पेटंट मिळालं १९१७ ला, तेव्हापासून कितीतरी वर्षं हे फ्रेम बाय फ्रेम हातानेच चालायचं, २५ फ्रेमच्या हिशोबाने १० सेकंदाचे २५० फ्रेम झाले ना भाऊ. आता सॉफ्टवेअर कड स्वतः पकडतं, पण ते फरक बघून पकडतं. माणसाचा आणि मागच्या सीनचा रंग, उजेड, शार्पनेस यात फरक असला की काम पटकन होतं, नसला की कितीही भारी कॉम्प्युटर असू द्या, कड थरथरणारच.

म्हणून आधी हे ठरवा की माणसाच्या मागे काय येणार. मागे फक्त टेक्स्ट टाकायचं असेल आणि सीन तोच राहणार असेल तर कड थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते, कारण चुकून सुटलेल्या भागाखाली तोच ओरिजिनल व्हिडिओ असतो, चूक दिसते ती फक्त अक्षर कडेला लागतं तेवढ्या जागी. पण रावेरच्या केळीच्या बागेतला माणूस उचलून दुसऱ्याच सीनमध्ये ठेवायचाय तर प्रत्येक केस, प्रत्येक बोट दिसणार, आणि पायाखालची सावली गेली की माणूस हवेत तरंगल्यासारखा दिसतो. पहिल्या कामाला अर्धा तास पुरत असेल तर दुसऱ्याला पूर्ण दिवस धरा, आणि पार्टीला पैसे सांगताना पण हा फरक लक्षात ठेवा.

शूटिंग आपल्याच हातात असेल तर अर्धं काम तिथेच होतं. माणसाला भिंतीला चिकटवून उभं करू नका, मागे जागा सोडा. शटर १/५० च्या ऐवजी १/१०० ठेवा, हातपाय कमी ब्लर होतात, आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या लाईटमध्ये १/१०० ला फ्लिकर पण येत नाही. ग्रीन कपडा लावणार असाल तर नवरीचा हिरवा चुडा आणि हिरवा शालू आधी आठवा, की (म्हणजे कपड्याचा हिरवा रंग सॉफ्टवेअरने काढून टाकणं) केल्यावर हातातल्या बांगड्याच गायब होतील, तिथे निळा कपडा लावायचा. दुसऱ्याने शूट केलेली क्लिप असेल तर व्हॉट्सअपवर साधी मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा पेनड्राईव्हवर घ्या, कॉम्प्रेस झालेल्या व्हिडिओत कडेला चौकोन चौकोन पडतात आणि मास्क (म्हणजे माणसाचा कापलेला आकार) त्याच चौकोनांवर अडकतो. मोबाईलच्या क्लिपचा फ्रेमरेट कमीजास्त होत असतो, ती आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेटवर काढून घ्या.

आता अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स सॉफ्टवेअरमधला रोटो ब्रश, म्हणजे हलणारा माणूस कापायचं टूल. हा २०१० पासून आहे, पण मशीन लर्निंगवाला रोटो ब्रश २ आला २०२० ला आणि ३ आला २०२३ ला, त्यामुळे जुनं व्हर्जन असेल तर आधी अपडेट करा. लेयरवर डबल क्लिक करून लेयर पॅनल उघडायचा (कंपोझिशनमध्ये ब्रश चालत नाही, नवीन पोरं इथेच अडकतात), ऑल्ट डब्ल्यू दाबायचं, आणि सुरुवातीचा म्हणजे बेस फ्रेम निवडायचा. क्लिपचा पहिला फ्रेम सरसकट घेऊ नका. ज्या फ्रेममध्ये माणूस पूर्ण दिसतोय, हात अंगापासून सुटे आहेत, पाय एकमेकांवर आलेले नाहीत, तो शोधा, मग तो क्लिपच्या मधला असला तरी चालेल, सॉफ्टवेअर पुढे-मागे दोन्हीकडे जातं. हिरवी रेघ मारायची ती अंगाच्या मधून, डोक्यापासून कमरेपर्यंत, मग हातातून, पायातून. रांगोळीची बॉर्डर काढल्यासारखं कडेकडेने फिरवू नका, कड शोधायचं काम त्याचं आहे. जास्तीचं घेतलं गेलं तर ऑल्ट धरून तिथे लाल रेघ. कंट्रोल धरून माऊस ओढला की ब्रश लहानमोठा होतो.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बेस फ्रेमपासून एकेक फ्रेम पुढे जा आणि मास्क पहिल्यांदा जिथे चुकतो तिथेच थांबून दुरुस्त करा. दुरुस्ती बेसपासून लांब जाणाऱ्या दिशेने पसरते, म्हणून शेवटी जाऊन नीट केलं तर मधले सगळे फ्रेम चुकीचेच राहतात, आणि पहिली चूक वेळेत पकडली तर पुढच्या बऱ्याच आपोआप सुधारतात. समोरून कोणी आडवं गेलं, वरातीत तर हे होतंच, बँडवाला नवरदेवासमोरून गेला की मास्क त्याच्यावर उडी मारतो, तिथे भांडत बसू नका, क्लिप तिथेच कापा आणि तो माणूस निघून गेल्यावर नवीन बेस फ्रेम घ्या. केसांसाठी रिफाईन एज टूल आहे, पण ते सगळ्यात शेवटी, कारण जाम स्लो करतं. कड थरथरत असेल तर रिड्यूस चॅटर थोडा वाढवा, जास्त वाढवला तर बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. सगळं झालं की फ्रीझ बटण दाबा आणि प्रोजेक्ट सेव्ह करा, मग लाईट गेली तरी पुन्हा कॅल्क्युलेट करत बसायची गरज नाही.

दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना कलर पेजवर मॅजिक मास्क आहे, पण तो स्टुडिओ व्हर्जनमध्ये. स्टुडिओ एकदाच विकत घ्यावं लागतं, दर महिन्याचं भाडं नाही, म्हणून नियमित काम असेल तर मी तेच घ्या म्हणेन. व्हर्जन १९ पर्यंत पर्सन आणि ऑब्जेक्ट असे दोन मोड होते, २०२५ च्या व्हर्जन २० मध्ये मास्कचं नवीन व्हर्जन आलं, त्यात माणसावर क्लिक करून पॉईंट द्यायचे. मग पुढे आणि मागे दोन्ही दिशेने ट्रॅक. ट्रॅक झाल्यावर नोडच्या (इफेक्टचे डबे जोडतात त्या भागाच्या) रिकाम्या जागेत राईट क्लिक करून ॲड अल्फा आऊटपुट (अल्फा म्हणजे ट्रान्सपरन्सी), आणि नोडचा निळा टोक त्याला जोडायचा, हे राहिलं तर बॅकग्राऊंड जातच नाही. एडिट पेजवर सगळ्यात खाली ओरिजिनल, मध्ये टेक्स्ट, वर मास्कवाली क्लिप. ग्राफिक कार्डची मेमरी कमी पडत असेल तर टाईमलाईन १०८० वर ठेवून काम करा. मॅकवाल्यांना फायनल कट प्रो ११ मध्ये मॅग्नेटिक मास्क मिळतो.

सारंगखेड्याच्या यात्रेतला नाचता घोडा घेतला की खरी परीक्षा, तापीकाठची धूळ, उडती आयाळ, ब्लर झालेले पाय सगळं एकाच फ्रेममध्ये. तिथे एकाच मास्कमध्ये सगळं बसवायला जाऊ नका. घोडा आणि स्वार एक मास्क, शेपटी आणि आयाळ वेगळ्या लेयरवर रिफाईन एज लावून. धूळ तर कापूच नका. ओरिजिनल क्लिपची अजून एक कॉपी सगळ्यात वर ठेवा, तिला खुरांच्या थोडं वरपासून खाली असा साधा मास्क द्या आणि फेदर (कडेचा मऊपणा) भरपूर ठेवा, मग धूळ, सावली, जमीन जशीच्या तशी राहते आणि अक्षरं धुळीतून वर आल्यासारखी वाटतात. हीच आयडिया माणसाच्या पायांना पण चालते.

चेक करताना खाली काळा नको, भडक गुलाबी किंवा पिवळा सॉलिड (एकाच रंगाचा लेयर) ठेवा, आणि थांबवून नाही तर फुल स्पीडला बघा, थरथर चालू व्हिडिओतच कळते. कापलेली क्लिप दुसऱ्याला द्यायची असेल तर एच २६४ या नेहमीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढू नका, त्यात ट्रान्सपरन्सी राहत नाही, मागे काळं येतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये क्विकटाईम, प्रोरेस ४४४४ आणि चॅनल्समध्ये आरजीबी प्लस अल्फा निवडा. फाईल जड होते, पेनड्राईव्ह मोठा घेऊन जा.