सपाट छतावरचं रबर गारांना कसं टिकेल?

अमेरिकेत डॅलस किंवा डेन्व्हरकडे गारांचा मारा फार. तिथे सपाट छताचं ईपीडीएम रबर बदलत असाल, तर नुसती जाडी पाहू नका. 60 मिलऐवजी (साधारण दीड मिलिमीटर) 90 मिल घेतलंत तर उत्तमच, पण रबराखाली काय आहे हेही तितकंच महत्त्वाचं. खाली नुसता मऊ फोम असेल तर तो गारेने दबतो, रबर ताणतं आणि फाटतं. म्हणून फोम आणि रबर यांच्या मधे टणक फळीसारखा थर, म्हणजे कव्हर बोर्ड, घालायलाच लावा. आणि स्क्रू? फोमचा थर स्क्रूने पक्का करा, बोर्ड मात्र त्यावर चिकटवून घ्या. रबराच्या थेट खाली स्क्रूची धातूची चकती राहिली, की तिथे गार आपटून चीर पडते. हे सगळं कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. रबर अंथरल्यावर खालचं काही दिसत नाही.