पार्ट घ्यायला निघण्याआधी: गेमिंग आणि एडिटिंगच्या पीसीची तयारी

दुकानात गेल्या गेल्या विचारतात, बजेट किती आणि ग्राफिक कार्ड कुठलं टाकायचं. या दोन्हींच्या आधी एक काम घरी करा. मागच्या शूटची एक क्लिप घ्या आणि तिची माहिती कागदावर उतरवा: रिझोल्यूशन, फ्रेम रेट, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), बिटरेट (सेकंदाला किती डेटा), आणि रंगाची माहिती ४:२:० की जास्त बारकाईची ४:२:२. मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर हे सगळं दाखवतं. त्याच्याखाली रोज खेळता ते गेम आणि मॉनिटरचं रिझोल्यूशन लिहा. पुढचा प्रत्येक पार्ट या कागदावरून ठरतो.

माझा मावसभाऊ संगमनेरला लग्नाचं शूटिंग करतो. दिवसा एडिटिंग, जेवणं झाली की मित्रांबरोबर व्हॅलोरंट. त्याच्या कागदावर होतं: फोर-के, एच.२६५ कोडेक, १० बिट, ४:२:२, सेकंदाला १०० मेगाबिट. यातलं ४:२:२ महत्त्वाचं. एच.२६५ मधलं असं फुटेज उलगडायला कार्डात किंवा प्रोसेसरमध्ये त्यासाठीचं वेगळं सर्किट लागतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ते ५० सीरिजपासून आलं, ४० सीरिजमध्ये नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ते आहे, पण आतल्या ग्राफिक्ससोबत. म्हणून नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर दीड-दोन हजारांनी स्वस्त दिसला, तरी एडिटिंग करणाऱ्याने तो उचलण्याआधी थांबावं. त्या ‘एफ’चा अर्थच आतलं ग्राफिक्स बंद असा आहे. हा आधार मिळाला नाही तर महागडा पीसीसुद्धा टाइमलाइनवर अडखळतो, आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवत बसावं लागतं.

भावासाठी एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाच्या ५० सीरिजमधलं १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय कार्ड ठरलं, म्हणजे ४:२:२ चं काम कार्डच करतं. या कार्डाचे आतल्या मेमरीप्रमाणे ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार मिळतात आणि खोक्यावर नाव एकच असतं, तेव्हा मागताना आकडा बोलून मागा आणि बिलावरही तो लिहून घ्या. नुसतं गेमिंग असतं तर ८ वर अजूनही बरेच गेम चालले असते, पण फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन टाकलं की तेवढी मेमरी पुरत नाही. ७७०० सोबत कूलर खोक्यातच येतो, ७७००एक्ससोबत येत नाही. म्हणजे एका अक्षरामागे कूलरचा वेगळा खर्च असतो.

मदरबोर्डला फार वेळ देऊ नका. एएम५ सॉकेटचा (रायझन बसतो ती जागा) बी६५० बोर्ड, त्यावर एसएसडीसाठी एम.२ चे किमान दोन स्लॉट, रॅमचे चार, आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण, एवढं पुरे. हे बटण मी आवर्जून बघतो. रायझन ९००० चा प्रोसेसर घेतलात आणि दुकानात बोर्ड बराच काळ पडून असेल, तर जुन्या बायोसवर (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) पीसी सुरूच होत नाही. हे बटण असेल तर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. चार स्टिक लावल्या की या बोर्डावरच्या डीडीआर५ रॅमचा वेग खाली येतो, त्यामुळे पुढे ६४ करायची खात्री असेल तर आत्ताच ३२ च्या दोन घ्या. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव खूप चढले. जुन्या कोटेशनवर हिशोब मांडू नका, निघायच्या दिवशी सकाळी भाव पुन्हा विचारा.

आता स्टोरेज. इथे बहुतेक जण हात आखडतात, आणि लग्नाच्या सीझनमध्ये हीच काटकसर नडते. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की एका लग्नाचं फुटेज ५४० जीबी होतं. एक टीबीच्या एकाच ड्राइव्हवर विंडोज, गेम आणि फुटेज कोंबलं तर दुसऱ्या लग्नाला जागाच नाही. म्हणून विंडोज, सॉफ्टवेअर आणि गेमसाठी १ टीबीचा एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारा वेगवान एसएसडी), चालू प्रोजेक्टसाठी २ टीबीचा वेगळा, आणि काम संपलं की उतरवून ठेवायला हार्ड डिस्क. प्रोजेक्टचा ड्राइव्ह टीएलसी प्रकारच्या मेमरीचा घ्या. क्यूएलसीचे स्वस्त ड्राइव्ह सुरुवातीला पळतात, पण एका दमात ३००-४०० जीबी टाकायला लागलात की त्यांची कॅश, म्हणजे आतली वेगवान जागा, भरते आणि वेग साध्या हार्ड डिस्कच्या खाली जाऊ शकतो. आणि फुटेजची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका. लग्न पुन्हा लागत नाही.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मी हट्टी आहे. माझ्या पहिल्या असेंबल्ड पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. जूनमधल्या एका संध्याकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि जळका वास आला. एसएमपीएस गेलाच, सोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर बहिणीच्या बारशाचे फोटो होते. तेव्हापासून एसएमपीएससाठी वेगळे पैसे बाजूला काढल्याशिवाय मी यादी पूर्ण धरत नाही. भावाचं ५०६० टीआय कार्ड १८० वॅट घेतं आणि एनव्हिडिया त्यासाठी ६०० वॅटचा एसएमपीएस सांगते. ६५० चा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया जाण्याचं प्रमाणपत्र) आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या.

त्यालाच जोडून यूपीएस. दुकानात ६०० व्हीएचा हातात देतात, पण तो साधारण ३६० वॅटच देतो. कार्डाचे १८०, प्रोसेसरचे ८८, बाकी पार्ट आणि मॉनिटर धरले तर रेंडर चालू असताना आपण त्या मर्यादेवरच असतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या. आणि पीसी घरी आणायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून त्या प्लगची अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला बोट लागलं की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगचीच गडबड असते.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. पुढून काच असलेलं दिसतं देखणं, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत त्याच्या आत हवा खेळत नाही. धुळीची जाळी काढून धुता येते का, ते दुकानातच काढून बघा. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये लिहून न्या.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. दोन-तीन दुकानांत तोच कागद दाखवा आणि भाव जीएसटी धरून विचारा. १८ टक्के शेवटी वर चढवले की सगळा हिशोब कोलमडतो. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा आणि तो खोक्याशी तिथल्या तिथे जुळवून बघायला हवा. पुढे वॉरंटीचं काम त्यावरच चालतं. खोकी वर्षभर तरी फेकू नका.

जुळवायच्या दिवशी टेबल रिकामं, उजेड भरपूर, आणि चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. एएम५ चे पिन प्रोसेसरवर नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारखे बारीक. एक वाकला तरी बोर्ड गेला, म्हणून सॉकेटवर हात किंवा बाही फिरू देऊ नका. कूलरच्या तळाचं आणि एम.२ च्या हीटसिंकखालचं पारदर्शक प्लास्टिक सोलून काढा. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कार्डाची पॉवर केबल टोकापर्यंत आत गेली का, ते वाकून बघा, फट दिसता कामा नये. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. डीडीआर५ रॅम तेव्हा बोर्डाशी स्वतःला जुळवून घेत असते आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. भाऊ घाबरून बटण दाबायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. चहा संपेपर्यंत बायोस आला. मग रॅमचं एक्सपो प्रोफाइल (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा, विंडोज ११ टाका, डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून मॉनिटरच्या पूर्ण आकड्यावर न्या, आणि सगळ्यात आधी तीच कागदावरची क्लिप टाइमलाइनवर ओढून प्ले करा.