बुलेट मोटरसायकलच्या लोखंडावर लेदर चढवताना

रेक्झिनचे व्हिडिओ बघून लेदर चढवायला बसू नका. रेक्झिन हीट गनने नरम पडतं आणि ताणलं जातं. ओलं लेदर तशाच उष्णतेने आकसतं, कडक होतं आणि परत नरम होत नाही. टूलबॉक्सचं फुगीर झाकण आणि मागचा धरायचा पाइप असे दोन भाग झाकायचे आहेत, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. सायलेन्सर, इंजिनालगतचे भाग, ब्रेक-क्लचचे लिव्हर आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ यांच्या वाट्याला जाऊ नका. मूठ सोडली की ती आपोआप मागे फिरलीच पाहिजे.

लेदर १ ते १.२ मिमी जाडीचं घ्या. पाइपला क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चालतं, झाकणाला मात्र व्हेज टॅनच (झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं) हवं. न रंगवलेल्या तुकड्याची कापलेली कड बघा: क्रोम टॅन निळसर-करडं दिसतं, व्हेज टॅन बदामी. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणजे तेही व्हेज टॅनच. पण तळाचं चामडं फार जाड, या कामाला नको. नाशकात पातळ माल मिळाला नाही तर सरळ धारावी गाठा.

लोखंड १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, प्रायमर मारा आणि एक दिवस वाळू द्या. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात पावडर कोटिंग करून घेतलं असेल तर ते फक्त घासून खरखरीत करायचं. क्रोमच्या चकचकीत मुलाम्यावर गोंद धरत नाही. प्रायमर टाळू नका, कारण व्हेज टॅनमधलं टॅनिन (सालीतलं कमावणारं द्रव्य) ओलं असताना उघड्या लोखंडाला लागलं की निळे-काळे डाग उठतात, आणि ते वरच्या बाजूपर्यंत येतात.

पाइप सोपा आहे. २२ मिमीच्या पाइपचा घेर ६९ मिमी. पट्टी बरोबर तेवढ्याच रुंदीची कापा, लेदरच्या जाडीसाठी वाढवू नका. गुंडाळल्यावर कडांमध्ये साधारण ३ मिमी फट राहते, तीच शिवणीने आवळायची. कडेपासून ३ मिमी आत, ४-४ मिमीवर आरीने भोकं पाडा. मेणाचा पॉलिस्टर दोरा आणि दोन सुया घ्या. शिवण खालच्या बाजूला ठेवा.

आता झाकण. सगळं काम बिघडतं ते इथेच, आणि बिघडतं घाईमुळे. सपाट लेदर दोन्ही दिशांनी वळलेल्या पृष्ठभागावर ओढलं की कडेला चुण्या पडणारच. त्या गोंदाच्या जोरावर दाबून बसत नाहीत, आठवड्याभरात उठतात. म्हणून आधी आकार, मग गोंद. झाकणापेक्षा चारी बाजूंनी ४ सेंमी मोठा तुकडा कापा आणि कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा. कोमट म्हणजे हात आरामात ठेवता येईल इतकंच. व्हेज टॅन ओलं असताना साधारण ७० अंशांच्या पुढे आकसायला लागतं, त्यामुळे उकळतं पाणी ओतायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

बाहेर काढून पाणी निथळू द्या आणि तुकडा झाकणावर टाका. आधी समोरासमोरच्या दोन बाजू ओढून चिमटे लावा, मग उरलेल्या दोन, शेवटी कोपरे. एकाच बाजूने ओढत गेलात तर सगळा सैलपणा दुसऱ्या टोकाला जमा होतो. उरलेली चुणी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे रेटत न्या. नखं लावू नका, ओल्या लेदरवर उमटलेली खूण राहते. झाकणावरच, सावलीत, पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन-तीन धरा. उन्हात ठेवलं तर पापडासारखं कडक होईल.

वाळलं की साचा काढल्यासारखं अलगद काढा. दुमडायला १२ मिमी कड ठेवून बाकीचं कापा आणि ती कड आतल्या बाजूने रापीने (चामडं सोलायच्या चपट्या सुरीने) सोलून अर्ध्या जाडीवर आणा. दुमडीतल्या चुण्यांना व्हीच्या आकाराचे काप द्या, पण ते दुमडीच्या रेषेच्या ३ मिमी अलीकडे थांबवा, नाहीतर समोरून दिसतील.

गोंद चपलांच्या सामानाच्या दुकानात मिळणारा, दोन्ही बाजूंना लावायचा सिंथेटिक रबरचा. लेदरची आतली बाजू पहिला हात पिऊन टाकते, तिला दुसरा द्या. बोट लावलं तर चिकटतंय असं वाटावं, पण तार येऊ नये. याला १० ते १५ मिनिटं लागतात. पावसाळी दिवशी थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि पकड वरवरची होते. तेव्हा लोखंड हेअर ड्रायरने किंचित कोमट करून मगच गोंद लावा. वास उग्र आणि वाफ पेट घेणारी, तेव्हा गॅसपासून लांब, खिडकी उघडी.

मध्ये बटर पेपर ठेवून लेदर जागेवर बसवा, मग अर्ध्यापासून कागद सरकवत काढा. एकदा टेकलं की हलत नाही. वेळेपेक्षा दाब महत्त्वाचा, म्हणून रोलरने मधून कडेकडे जोर लावून दाबा. शेवटी कडा मागे वळवा.

गोंदाचा वास गेला की मेणाचं पॉलिश पातळ लावा. तेल चोपडू नका, लेदर सैल पडतं. इगतपुरीकडच्या पावसात गाडी नेली तर घरी येऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि खालच्या कडा बघा. कुठे सुटली असेल तर तिथून पाणी आत जातं आणि गंज लेदरखाली वाढत राहतो.