या चुका टाळा : मजकूर साधा झाला, पण लिंक कुठे गेली?

पालकांच्या ग्रुपवर शिष्यवृत्त्यांची यादी टाकायची होती. वेबपेजवरून कॉपी केली, रंगबिरंगी अक्षरं नकोत म्हणून आधी नोटपॅडमध्ये टाकली आणि तिथून व्हॉट्सॲपवर. पाच मिनिटांत पहिला मेसेज : "सर, 'येथे क्लिक करा' म्हणताय, पण कुठे करू?" सहा योजना, सहा वेळा 'येथे क्लिक करा', लिंक एकही नाही.

कॉपी करताना क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं तिथे, मजकुराची दोन रूपं जातात : एक एचटीएमएल, म्हणजे वेबपेजची भाषा, दुसरं साधं. शब्दामागे दडलेला पत्ता फक्त एचटीएमएलमध्ये असतो. जुनं नोटपॅड साधं रूप तेवढं उचलतं. कंट्रोल-शिफ्ट-व्हीनेही तेच होतं. एकदा पत्ते गळले की त्या फाइलमधून ते परत मिळत नाहीत. मूळ पेजवर जाऊन पुन्हा कॉपी करायची, दुसरा इलाज नाही.

तेव्हा आधी गूगल डॉक्समध्ये नेहमीच्या कंट्रोल-व्हीने पेस्ट करा. चित्रं उडवा, नाहीतर फाइलच्या तळाशी अगम्य अक्षरांचा ढीग येतो. मग फाइल, डाउनलोड, मार्कडाउन (साध्या चिन्हांनी लिंक, ठळक अक्षरं वगैरे दाखवायची पद्धत). ही सोय २०२४ पासून आहे. त्याच यादीतला साध्या मजकुराचा पर्याय मोहात पाडतो, पण तिथेही लिंक जातातच.

ती फाइल उघडली की चौकटी कंसात शब्द आणि त्याला चिकटून गोल कंसात पत्ता दिसेल. व्हॉट्सॲपला ही भाषा कळत नाही, कंस तसेच दिसतात. म्हणून ती नोटपॅड++ या वेगळ्या एडिटरमध्ये उघडा आणि 'शोधा-बदला'च्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक साच्याचा मजकूर शोधायची पद्धत) निवडून हे शोधा :

\[(.*?)\]\((.*?)\)

आणि त्याजागी हे टाका :

$1 : $2

मराठी पत्ते बघून घाबरू नका. विकिपीडियावरच्या 'पुणे' पानाचा पत्ता क्रोममधून कॉपी केला की त्या एवढ्याशा शब्दाची ३६ चिन्हं होतात. प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायची पद्धत) तीन बाइट आणि दर बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं. कचरा समजून त्यातलं काही खोडलंत तर पान उघडणार नाही.

पत्त्याच्या शेवटी यूटीएमने (utm_) सुरू होणारं शेपूट मात्र खुशाल छाटा, ते फक्त माग काढायला असतं. पण प्रश्नचिन्ह दिसलं की पुढचं सगळंच उडवायचं, असं नाही. यूट्यूबच्या लिंकमध्ये व्हिडिओची ओळख बहुधा प्रश्नचिन्हापुढेच असते. अर्ज कसा भरावा त्याचा व्हिडिओ म्हणून मी पाठवलेली लिंक अशाच छाटणीत गेली होती.