खिशात सुट्टे ठेवाच

गोव्यात आता गाड्यावरसुद्धा क्यूआर कोड असतो म्हणून बरेच जण पाकीट न घेताच निघतात, किंवा पाचशेची एकच नोट असते, पण सकाळच्या पहिल्या फेरीला बसचा कंडक्टर सुट्टे आणणार कुठून? माझ्या मते तीनशे-चारशे रुपये पुरे, फक्त ते दहा, वीस, पन्नासच्या नोटांत पाहिजेत. पोदेराकडून पाव घेताना, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात म्हाताऱ्या बायकांकडून भाजी घेताना हेच कामी येतात, त्यांना ताटकळत ठेवू नका प्लीज. सत्तरी, काणकोणच्या आतल्या गावांत जाताना थोडे जास्तच घ्या, रेंज कधी जाईल नेम नाही. शिवाय स्कूटरच्या कागदपत्रांसोबत पेट्रोलपुरते दोनशे वेगळे ठेवा, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत.